काखेतला पहारेकरी



वसंतातल्या संध्याकाळी, चांगली हवा सुटलेली असताना, कर्करोगासारखा विषय घेऊन मी आपल्यापुढे उभा राहिलो आहे, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. परंतु आज मला रोगाच्या भीतीविषयी बोलावयाचे नाही. एका लहानशा शस्त्रक्रियेचा इतिहास सांगावयाचा आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतील एखाददुसरी ग्रंथी काढून तपासावयाची, आणि तीवरून रोग किती पसरला आहे याचा अंदाज घ्यावयाचा, एवढीच ती शस्त्रक्रिया. वैद्यकाच्या भाषेत तिला सेंटिनेल नोड बायोप्सी म्हणतात. आपण तिला 'पहारेकरी ग्रंथीची तपासणी' म्हणू. ती वाचविते मात्र बाईचा हात, आणि ती रूढ होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या गाडीच्या वाटेवर, परळला, घडले आहे.

पहारेकरी म्हणजे काय, हे ठाण्या-कल्याणच्या माणसाला निराळे समजावून सांगावयास नको. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि खाडीच्या काठी दुर्गाडी उभा राहिला. खाडीतून कोण येते, कोण जाते, हे पाहावयाचे तर अशाच जागी बसले पाहिजे. पुढे जकातीचे नाके आले. जकात गेली, नाक्यांची नावे तेवढी राहिली. नाक्याचे तत्त्व असे की, शहरात शिरणारा माल ज्या रस्त्याने येतो त्या रस्त्यावरील पहिल्या नाक्यावर तो दिसलाच पाहिजे. पहिल्या नाक्यावर काही सापडले नाही, तर पुढच्या दहा नाक्यांवर झडती घेण्याचे कारण बहुधा उरत नाही. आजच्या विषयाचे सारे सार या एका वाक्यात आहे. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. त्याचा हिशेब पुढे द्यावा लागेल.

आता शरीराकडे वळू. रक्तवाहिन्यांखेरीज आपल्या शरीरात आणखी एक वाहिन्यांचे जाळे आहे. त्यातून लसीका नावाचा पातळ द्रव वाहतो. हा द्रव वाटेतल्या वाटाण्याएवढ्या, कधी घेवड्याच्या दाण्याएवढ्या ग्रंथींतून गाळला जातो आणि शेवटी रक्तात मिसळतो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच ग्रंथींमुळे. स्तनातील बहुतेक लसीका काखेकडे जाते. म्हणून स्तनातील गाठीमधून रोगाच्या पेशी सुटल्या, तर त्या पुष्कळदा प्रथम काखेतील ग्रंथींत अडकतात. काखेत रोग आहे की नाही, आणि असल्यास किती ग्रंथींत, यावर रोगाची पायरी ठरते. पुढे औषधे कोणती द्यावयाची, किरणोपचार करावयाचा की नाही, यातही त्या माहितीला मोठे वजन आहे.

ही व्याधी आपल्याकडे नवी नव्हे. सुश्रुताने अर्बुदाचे वर्णन केले आहे : हळूहळू वाढणारे, खोल मुळांचे, न पिकणारे. अर्बुद काढताना अवशेष राहिला तर ते पुन्हा उद्भवते, असा इशाराही त्याने देऊन ठेवला आहे. 'अवशेष राहता कामा नये' हा विचार शस्त्रवैद्याच्या मनात किती जुना आहे, हे यावरून दिसेल. पुढील सारा इतिहास या विचाराशी झालेल्या झगड्याचाच आहे.

या इतिहासात कल्याणचे एक नाव मला घेतलेच पाहिजे. १८६५ साली कल्याणात जन्मलेली यमुना, म्हणजेच पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशी. गोपाळराव जोशी कल्याणच्या टपालकचेरीत होते. त्यांच्याशी नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. १८८३ साली त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याच्या आतच, त्यांचे निधन झाले. आनंदीबाईंचा कर्करोगाशी संबंध नव्हता. पण हिंदी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करीत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले होते. स्तनातील गाठीच्या बाबतीत हे दुखणे लपविण्याचे दुखणे आजही पुरते गेलेले नाही. या व्याख्यानाच्या शेवटी मला त्याच मुद्द्याकडे यावयाचे आहे.

आनंदीबाई अमेरिकेत शिकत होत्या, त्याच सुमारास त्या देशात विल्यम हॉल्स्टेड नावाचा शस्त्रवैद्य स्तनाच्या कर्करोगावर एक मोठी शस्त्रक्रिया करू लागला होता. त्यापूर्वी स्थिती फार वाईट होती. १८११ साली पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेवर स्तनाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा भूल देण्याचे औषधच नव्हते. १८४६ साली ईथर आले, पुढे जंतुनाशनाची रीत आली, आणि शस्त्रवैद्याच्या हाताला धीर आला. हॉल्स्टेडचे म्हणणे असे की, कर्करोग एका केंद्रापासून सलग पसरत जातो : आधी स्तन, मग स्नायू, मग काख. म्हणून हे सारे एकसंध कापून काढले पाहिजे. १८९४ साली त्याने पन्नास रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या जागी रोग परत येण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने पुष्कळच कमी होते. मग काय विचारता! पाऊणशे वर्षे जगभर हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली.

हॉल्स्टेडला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्यापुढे येणाऱ्या गाठी मोठ्या, जुन्या, कधी फुटलेल्या असत. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्याने योग्य तेच केले. चूक झाली ती पुढच्या पिढ्यांची. त्यांनी त्याचे अनुमान हे सिद्ध सत्य म्हणून स्वीकारले आणि ते तपासून पाहण्याची गरज मानली नाही.

आपल्याकडे ही विद्या व्यवस्थितपणे आली ती परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. तेव्हा खाटा होत्या ऐंशी. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस हे मूळचे गोव्याचे शस्त्रवैद्य तेथील पहिल्या पिढीतले. आज रुग्णालयापुढच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. १९५७ साली रुग्णालय सरकारच्या आरोग्य खात्याकडे आले, आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे. रुग्णालय अणुशक्ती खात्याकडे कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. त्याचे उत्तर पुढे मिळेल.

ठाण्यापर्यंत आगगाडी आली १८५३ साली आणि कल्याणपर्यंत १८५४ साली. याच लोहमार्गाने ठाणे, कल्याण, डोंबिवलीची माणसे परळला जात आली आहेत. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणारी बाई डोळ्यांपुढे आणा. एका हातात पिशवी, दुसरा हात वरच्या कडीला. घरी आल्यावर पाण्याच्या बादल्या, कणीक मळणे, धुणे वाळत घालणे. हा हात तिचा संसार चालवितो. काखेतील सगळ्या ग्रंथी काढल्या की लसीकेची वाट तुटते आणि पुष्कळ बायकांचा हात सुजतो. सूज कधी महिन्यांनी येते, कधी वर्षांनी, आणि आली की बहुधा पुरती जात नाही. बांगडी चढत नाही, पोलक्याची बाही शिरत नाही. लहानशी जखम झाली तरी हात लाल होऊन ताप भरतो. २०१३ साली जगभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून जो हिशेब मांडला गेला, त्यात सगळ्या ग्रंथी काढलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे वीस जणींना ही सूज आली होती. फक्त पहारेकरी ग्रंथी काढलेल्या शंभरांत सहाहून कमी.

आता विचार करा. ज्या बाईच्या काखेत रोग होता तिच्या ग्रंथी काढल्या, तर त्या किमतीला काही अर्थ आहे. पण जिच्या काखेत रोग नव्हताच, तिने ही किंमत कशासाठी द्यावयाची? केवळ 'नव्हता' हे डॉक्टरांना कळावे म्हणून! वर्षानुवर्षे हजारो बायकांनी ती दिली.

या चालीला पहिला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतील पिट्सबर्गच्या डॉ. बर्नार्ड फिशर यांनी. कर्करोगाच्या पेशी रक्तावाटेही लवकरच बाहेर पडतात, त्यामुळे केवळ अधिक कापल्याने अधिक जीव वाचत नाहीत, असा त्यांचा विचार होता. विचार मांडून ते थांबले नाहीत, त्यांनी तो कसोटीला लावला. १९७१ साली त्यांनी जो प्रयोग सुरू केला, त्यात काखेत हाताला गाठ न लागणाऱ्या १०७९ स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट पाडले. एका गटाची हॉल्स्टेडची पुरी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याचा फक्त स्तन काढून किरणोपचार केला. तिसऱ्याचा फक्त स्तन काढला, आणि काखेत पुढे गाठ आली तरच ती काढावयाची असे ठरविले. पंचवीस वर्षांनी पाहिले, तो तिन्ही गटांतील आयुर्मानात फरक नाही! आणखी एक गोष्ट फार नवलाची निघाली. पहिल्या गटात काढलेल्या ग्रंथी तपासल्या तेव्हा शंभरात सुमारे चाळीस जणींच्या काखेत रोग सापडला होता. चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यामुळे तिसऱ्या गटातही तेवढ्याच जणींच्या काखेत रोग असणार. पण त्या साऱ्या गटातील शंभरात सुमारे अठरा जणींनाच पुढे काखेत गाठ आली. म्हणजे काखेत राहिलेला रोग दर वेळी वाढतोच असे नाही.

मग काखेला हातच लावू नये काय? तसेही करता येईना. कारण औषधयोजना ठरविण्यासाठी काखेची बातमी हवी होती. अडचण अशी झाली की बातमी हवी, पण तिच्यासाठी हाताची किंमत नको. येथे पहारेकऱ्याची कल्पना कामी आली.

ही कल्पना मूळची स्तनाच्या कर्करोगातली नव्हे. १९६० साली गोल्ड नावाच्या शस्त्रवैद्याने गालाजवळील लाळग्रंथीच्या कर्करोगासंबंधी लिहिताना 'सेंटिनेल नोड' हा शब्द वापरला. १९७७ साली पॅराग्वेच्या रॅमन काबानास यांनी पुरुषांच्या शिश्नाच्या कर्करोगात लसीकेची वाट क्ष-किरणांनी पाहून, रोग प्रथम एका ठराविक ग्रंथीत जातो असे दाखविले. १९९२ साली कॅलिफोर्नियात डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या एका घातक कर्करोगात निळा रंग टोचून ती पहिली ग्रंथी शोधली. पुढच्याच वर्षी डेव्हिड क्रॅग यांनी स्तनाच्या कर्करोगात किरणोत्सर्गी द्रव्य टोचून तिचा माग काढला. आणि १९९४ साली अर्मांडो ज्युलियानो यांनी स्तनात निळ्या रंगाचा उपयोग केल्याचा वृत्तांत दिला. १७४ वेळा केलेल्या या प्रयत्नांत ग्रंथी सापडली ११४ वेळा, म्हणजे तीन वेळांत दोनदा. पहिला प्रयत्न म्हणून वाईट नाही, पण विसंबून राहावे इतका चांगलाही नाही. हात बसत गेला तसे हे प्रमाण पुढे पुष्कळ सुधारले.

आता ही क्रिया होते कशी, ते सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वी स्तनात टेक्नेशियम ९९-एम हे किरणोत्सर्गी द्रव्य अतिसूक्ष्म कणांच्या रूपात टोचतात. त्याचे आयुष्य थोडके : दर सहा तासांनी त्याची शक्ती निम्मी होते. बाईला भूल दिल्यावर मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग टोचतात आणि काही मिनिटे हलके चोळतात. रंग म्हटला की डोंबिवलीकरांना कारखाने आठवतील, आणि तेही योग्यच आहे. कारण मिथिलीन ब्ल्यू हा १८७६ साली जर्मनीत कापड रंगविण्यासाठीच तयार झाला, आणि नंतर वैद्यकात आला. परदेशांत यासाठी दुसरा, महागडा रंग वापरीत. मिथिलीन ब्ल्यू स्वस्त असल्यामुळे आपल्याकडे तोच चालतो. मग काखेत लहानसा छेद घेतात. एका हातात पेनासारखे एक यंत्र असते, ते किरणोत्सर्गी ग्रंथीजवळ नेले की आवाज करू लागते. निळी झालेली आणि आवाज देणारी ग्रंथी ती पहारेकरी. ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पुष्कळदा बाई टेबलावर असतानाच. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झालेली पाहून बाई घाबरते. तिला हे आधी सांगून ठेवावे लागते.

हे किरणोत्सर्गी द्रव्य अणुभट्टीतून निघणाऱ्या पदार्थापासून मिळते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात आहे. कर्करोगाचे रुग्णालय आणि अणुशक्ती खाते यांचे नाते कोठे जुळते, ते आता लक्षात आले असेल.

आता त्या 'बहुधा'चा हिशेब. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९९८ आणि १९९९ साली ५१६ स्त्रियांवर ही पद्धत कसोटीला लावली. अमेरिकेत ५६११ स्त्रियांचा याहून मोठा प्रयोग झाला. दोन्हींत असे दिसले की, काखेत रोग असलेल्या शंभर बायकांपैकी नऊ-दहा जणींच्या बाबतीत पहारेकरी 'सर्व ठीक' म्हणून सांगतो, आणि ते खोटे असते. माल आडवाटेने गेलेला असतो. तरीही आयुर्मानात फरक पडला नाही, कारण उरलेला थोडा रोग पुढची औषधे आणि किरणोपचार आवरतात.

येथे परळच्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. हे यंत्र, हे किरणोत्सर्गी द्रव्य, हे सारे मोठ्या शहरात मिळेल, पण जिल्ह्याच्या गावी काय? तेथल्या बाईने काखेतील सगळ्या ग्रंथी गमवाव्या काय? वाणी परमार, राजेंद्र बडवे, इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २००४ ते डिसेंबर २०११ या काळात ४७८ स्त्रियांवर एक तुलना केली. काखेत एक बारीक मज्जातंतू आडवा जातो. त्याच्या खालच्या बाजूची चरबी, तिच्यातील ग्रंथींसह, काढून घ्यावयाची आणि वरचे तसेच राहू द्यावयाचे. यासाठी रंग नको की यंत्र नको, शरीररचना जाणणारा शस्त्रवैद्य असला की पुरे. त्याच स्त्रियांत पहारेकरी ग्रंथीही शोधली आणि दोन्हींचा ताळा घेतला. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साध्या पद्धतीची चूक शंभरात १०.५, आणि यंत्ररंगाच्या पद्धतीची १२.७. हा फरक योगायोगाचा म्हणता येईल इतका लहान, म्हणजे दोन्ही सारख्याच. शिवाय असे दिसले की, केवळ निळी आणि आवाज देणारी ग्रंथी घेऊन शेजारची बोटाला लागणारी ग्रंथी सोडून दिली, तर चूक २९ वर जाते. यंत्र कितीही चांगले असले तरी शस्त्रवैद्याने बोट फिरवून पाहिलेच पाहिजे, असा याचा अर्थ.

हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या परिस्थितीतून निघालेला आहे. परदेशातील विद्या उचलून आणणे हे एक काम, आणि ती आपल्या खेड्यातील बाईपर्यंत कशी पोचेल याचा हिशेब आपल्या माणसांवर प्रयोग करून मांडणे हे दुसरे. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडसारखे तालुके आहेत. तेथल्या बाईच्या दृष्टीने हे दुसरे कामच अधिक उपयोगाचे.

यानंतरही हात आखडता घेण्याचे काम चालूच राहिले. २०११ साली अमेरिकेतील ८९१ स्त्रियांच्या प्रयोगाने दाखविले की, स्तन राखून शस्त्रक्रिया व किरणोपचार केले असतील, तर एकदोन पहारेकरी ग्रंथींत रोग सापडला तरी बाकीच्या ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही. २०२३ साली इटलीतून १४०५ स्त्रियांचा वृत्तांत आला. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ. अशांपैकी निम्म्या जणींची पहारेकरी ग्रंथीसुद्धा काढली नाही. पाच वर्षांनी दूर कोठे रोग न पसरता राहिलेल्या होत्या एका गटात शंभरात ९७.७ आणि दुसऱ्यात ९८. म्हणजे काही जणींच्या बाबतीत नाक्यावरची झडतीही आता नको, अशी वेळ आली आहे. कोणाच्या बाबतीत, हे मात्र ज्याने त्या बाईला तपासले आहे त्या डॉक्टरानेच ठरवावयाचे. व्याख्यान ऐकून ते ठरविता येत नाही.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासात एक अट लपलेली आहे, ती मी आता उघड करतो. पहारेकऱ्याची तपासणी प्रामुख्याने ज्यांच्या काखेत गाठ लागत नाही अशा बायकांसाठी, म्हणजे लवकर आलेल्यांसाठी आहे. जी बाई दोन वर्षे पदराआड गाठ लपवून, काखेत गाठींचा घोस झाल्यावर येते, तिला या शंभर वर्षांच्या ज्ञानाचा पुरा लाभ मिळत नाही. तिच्यापुढे पुष्कळदा जुनाच, मोठ्या शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे हा आपल्या घरांतल्या बायकांचा जन्मभराचा सराव आहे.

त्यावर उपाय आहे काय? मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ साली एक काम हाती घेतले. पस्तीस ते चौसष्ट वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांचे वस्तीवार दोन गट केले. एका गटात, शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ साली निष्कर्ष आला. तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या पायरीवर सापडला. सर्व वयांचा एकत्र हिशेब करता मृत्यूंतील घट पक्की म्हणता आली नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू शंभरात तीसने घटले. तपासणाऱ्या स्त्रिया, तपासल्या जाणाऱ्याही स्त्रिया, आणि यंत्र कोठलेच नाही. आनंदीबाईंनी १८८३ साली जे मागितले होते, ते याहून फार निराळे नव्हते.

या इतिहासात शस्त्रवैद्यांची नावे आली. ज्या हजारो बायकांनी 'माझी चिठ्ठी कोणत्याही गटात पडो' म्हणून संमती दिली, त्यांची नावे कोठे छापलेली नाहीत. परळच्या त्या ४७८ जणींतल्या काही आपल्याच गाडीने गेल्या असतील, आपल्या चाळीत राहत असतील. आज एखादीचा हात न सुजता कडीपर्यंत पोचतो, त्यात त्यांचा वाटा आहे.

तेव्हा घरी गेल्यावर एवढेच करा. आई, बायको, बहीण, नणंद, शेजारीण यांच्यापैकी कोणी गाठीविषयी बोलली, तर 'बघू पुढे' म्हणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा. बहुतेक गाठी साध्या निघतात. जी साधी निघणार नाही, तिच्या बाबतीत तो आठवडा उपयोगी पडेल.